शिरेतून द्यायचं इंजेक्शन घरी कोण देईल? (सोसायटीचा ग्रुप, शनिवार-रविवार)

स्नेहल, बी-३०४: नमस्कार मंडळी. बाबांना (सासऱ्यांना) आज डिस्चार्ज मिळाला. किडनीत इन्फेक्शन झालं होतं, आता ताप नाही. पण इंजेक्शनचे चार डोस बाकी आहेत. सेफ्ट्रियाक्झोन (अँटिबायोटिक) १ ग्रॅम, दिवसातून एकदा, शिरेतून. हातातली सुई तशीच ठेवून पाठवलंय. रोज सकाळी घरी येऊन इंजेक्शन देणारं कुणी ओळखीचं आहे का?

प्रमोद (सेक्रेटरी): उद्या सकाळी १० ते १२ बी विंगचं पाणी बंद राहील. टाकी धुणार आहेत. भरून ठेवा.

योगेश, सी-५०२: स्नेहल, नाक्यावरच्या मेडिकलमधला पोरगा देतो की. मागे आईला त्यानंच दिली होती. फोन केला की दहा मिनिटांत हजर.

बापट काकू: अगं, आमच्याकडे याच इंजेक्शनच्या दोन बाटल्या उरल्यात. ह्यांच्या टायफॉईडच्या वेळच्या. फोडलेल्या नाहीत. येऊन घेऊन जा, उगाच विकत कशाला आणतेस.

योगेश, सी-५०२: आणि माझ्याकडे आरएलची (रिंगर लॅक्टेट सलाईनची) बाटली पडून आहे. तिच्यातच इंजेक्शन सोडलं तर जरा अशक्तपणाही जाईल बाबांचा.

मंगलताई, ए-२०३: योगेश, आरएलमध्ये अजिबात नको. आरएलमध्ये कॅल्शियम असतं. सेफ्ट्रियाक्झोन त्याला भेटलं की पांढरा साका बसतो. बाटलीत बसला तर दिसतो तरी, नळीत किंवा शिरेत बसला तर दिसणारही नाही. मोठ्या माणसाला दोन्ही द्यायची वेळ आली तर आधी एक संपवायचं, साध्या सलाईनने नळी नीट धुवायची, मगच दुसरं. मी आयसीयूत नर्स असताना आम्ही नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात हे पाठ करून घ्यायचो.

योगेश, सी-५०२: बापरे. सलाईन म्हणजे सलाईन असंच वाटायचं.

पूनम, सी-१०४: मंगलताई, लहान बाळांना देतात का हे? आमचं पिल्लू २२ दिवसांचं आहे म्हणून विचारलं. त्याला काही झालेलं नाही, सहज.

डॉ. केतकी, ए-४०१: पूनम, आत्ता ओपीडी संपली, तुझं आधी सांगते. २८ दिवसांच्या आतल्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा द्यावं लागणार असेल तर हे औषध द्यायचंच नाही. काही नवजात बाळं यात दगावली, त्यांच्या फुप्फुसांत आणि किडनीत या साक्याचे खडे सापडले. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) त्यावरून इशारा दिला. कावीळ असलेल्या तान्ह्यांनाही टाळतात, कारण हे रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं बिलिरुबिन (कावीळीचं पिवळं द्रव्य) सोडवतं आणि ते मेंदूपर्यंत जाऊ शकतं. बालरोगतज्ज्ञांना हे ठाऊक असतं, तू काळजी करू नकोस.

स्नेहल, तुला दोन प्रश्न. युरिन कल्चरचा (लघवीतले जंतू वाढवून बघतात त्याचा) रिपोर्ट आला का? आणि बाबा रोजच्या कुठल्या गोळ्या घेतात? सगळ्या लिही. बीपीच्या, शुगरच्या, आयुर्वेदिकसुद्धा.

स्नेहल, बी-३०४: कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू आलाय. सेफ्ट्रियाक्झोनपुढे एस लिहिलंय, म्हणजे लागू पडतं. गोळ्या: टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन सकाळ-संध्याकाळ, एसिट्रॉम २ रात्री, झोपताना त्रिफळा.

डॉ. केतकी, ए-४०१: एसिट्रॉम कशासाठी?

स्नेहल, बी-३०४: हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून. दोन-तीन वर्षं झाली. रक्त पातळ करायची गोळी.

डॉ. केतकी, ए-४०१: शेवटचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) कधी केला होता?

स्नेहल, बी-३०४: बघावं लागेल. अ‍ॅडमिट केलं त्या दिवशी केला होता बहुतेक. नंतर नाही.

डॉ. केतकी, ए-४०१: मग उद्या सकाळी पहिलं काम पीटी-आयएनआर. सेफ्ट्रियाक्झोनमुळे एसिट्रॉम, वॉरफरिन या गोळ्यांचा परिणाम वाढू शकतो. त्यात आजारपणात जेवण कमी झालेलं असतं, त्यानेही वाढतो. हिरडीतून रक्त, लघवी लाल, शौच काळी, अंगावर निळे डाग, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल. गोळी तुझ्या मनाने बंद करू नकोस आणि मी इथे लिहिलंय म्हणूनही नको. त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करून एसिट्रॉम चालू असल्याचं तोंडी सांग. फाईलमध्ये असलं तरी सांग.

अजित, बी-६०२: सुईची कटकटच नको ना मग. कमरेत घ्या, दोन मिनिटांचं काम. माझ्या भावाला कमरेतच दिली होती.

मंगलताई, ए-२०३: अजित, रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेल्या माणसाला कमरेत सुई खुपसली तर आत स्नायूत रक्त साठून लिंबाएवढी गाठ येते. मी पाहिल्यात अशा गाठी. आणि दुसरं. कमरेत फार दुखतं म्हणून ते औषध लिग्नोकेनमध्ये (बधिर करायच्या औषधात) कालवतात. लिग्नोकेनमध्ये कालवलेलं चुकून शिरेत गेलं तर थेट हृदयावर बेतू शकतं. मेडिकलमधल्या पोराला कुठलं कशात कालवायचं ते ठाऊक असेलही. नसेलही.

योगेश, सी-५०२: ताई, आईला तर काही झालं नव्हतं हो. आणि तो टेस्ट डोस पण करतो, हाताला जरा टोचून बघतो.

स्नेहल, बी-३०४: बाबांनाही हॉस्पिटलात टेस्ट डोस केला होता. आणि पाच दिवस काही त्रास झाला नाही.

डॉ. केतकी, ए-४०१: पाच दिवस सोसलं हे चांगलंच आहे. पण चामडीवर फोड आला नाही म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, असं या औषधाच्या बाबतीत खात्रीने म्हणता येत नाही. आधीचे डोस सुरळीत गेले तरी पुढच्याला रिअ‍ॅक्शन येऊ शकते. टेस्ट डोस करून सगळे निर्धास्त होतात, ते मला जास्त खटकतं. पूर्वी पेनिसिलिननं अंगभर पित्त उठलं होतं का, दम लागला होता का, हे विचारण्याने जास्त कळतं. तसं असलं तरी औषध बंदच असंही नाही, पण देणाऱ्याला आधी माहीत हवं.

मंगलताई, ए-२०३: मी रिटायर झाल्यावर शेजारीपाजारी कुणालाही घरी शिरेतून अँटिबायोटिक दिलेलं नाही, ते याचसाठी. स्नेहल, तुझ्याशी माझं काही वाकडं नाही गं. टोचता मला डोळे मिटून येतं. पण रिअ‍ॅक्शन आली तर पहिल्या पाच मिनिटांत अ‍ॅड्रेनालिन लागतं. मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. आपल्याकडे आधी एव्हिल आणि डेक्सा या अ‍ॅलर्जीवरच्या इंजेक्शनांच्या मागे धावतात. ती नंतर. तोवर माणूस आडवा, पाय वर, ऑक्सिजन. हे सगळं तुझ्या हॉलमध्ये मी कुठून आणू? १०८ आली तरी आपल्या गेटमधून वर यायला वेळ जातोच.

प्रमोद (सेक्रेटरी): गेटसमोरच्या दुचाक्यांबद्दल मी गेल्या मीटिंगला बोललो होतो. मिनिट्समध्ये आहे.

योगेश, सी-५०२: 🙄

तन्वी, ए-३०२: मंगलताई, मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डमध्ये आम्हाला एकदाच दाखवलं. तुम्ही कसं करायच्या ते सांगाल का?

मंगलताई, ए-२०३: सांगते की. आधी बाटलीवरचं नाव, ग्रॅम आणि तारीख मोठ्याने वाचायची. मनात नाही. पेशंटला त्याचं नाव *त्यालाच* सांगायला लावायचं. झाकण उडवल्यावर खालचं रबर स्पिरिटने पुसायचं आणि वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही. १ ग्रॅमला १० मिली स्टराइल वॉटर. हलवून पूर्ण विरघळलं की खिडकीकडे धरून बघायचं. फिकट पिवळा रंग असतो, तो ठीक. गढूळ दिसलं, कण तरंगले की फेकून द्यायचं, पेशंटला कितीही घाई असो. मग इंट्राकॅथ (शिरेत ठेवलेली नळी) साध्या सलाईनने फ्लश करून बघायचा. दुखलं, फुगलं, लाल रेघ दिसली तर ती शीर सोडायची. सगळं बरोबर असेल तर दोन ते चार मिनिटं घेऊन सावकाश. घड्याळ बघून गं. अंदाजाने दोन मिनिटं म्हणजे चाळीस सेकंद भरतात. किंवा १०० मिलीच्या एनएसमध्ये (साध्या सलाईनमध्ये) अर्ध्या तासात. नंतर पुन्हा फ्लश आणि पेशंटजवळ बसून राहायचं. ओठ सुजणं, खाज, आवाज बदलणं, "कसंतरीच होतंय" म्हणणं. हे शेवटचं कधी हसण्यावारी न्यायचं नाही.

तन्वी, ए-३०२: स्क्रीनशॉट घेतला. थँक्यू ताई 🙏

देवधर काका, सी-३०१: उशिरा वाचतोय. तीस-पस्तीस वर्षं मेडिकल चालवलं म्हणून बापट वहिनींच्या बाटल्यांबद्दल सांगतो. सेफ्ट्रियाक्झोन शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या यादीत येतं. २०१४ च्या मार्चपासून हा नियम आहे. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. खोक्यावर लाल चौकटीत इशारा असतो, बघा. सांगायचं म्हणजे हे औषध अमुक डॉक्टरनं अमुक पेशंटला दिलेलं असतं, ते शेजारी द्यायचं नसतं. शिवाय ती बाटली कुठे ठेवली होती?

बापट काकू: फ्रिजवर. वर डबा आहे ना औषधांचा, त्यात.

देवधर काका, सी-३०१: फ्रिजच्या डोक्यावर चांगलंच ऊबदार असतं वहिनी, मे महिन्यात तर विचारूच नका. पावडर २५ अंशांच्या आत, उजेडापासून दूर ठेवायची असते. पण मला वेगळंच विचारायचंय. ह्यांच्या दोन बाटल्या उरल्या कशा?

बापट काकू: ताप उतरला ना दहाव्या दिवशी. मग हे म्हणाले, आता कशाला टोचून घेऊ.

डॉ. केतकी, ए-४०१: काकू, काकांना परत ताप आला तर "जुना टायफॉईड" म्हणून घरी काही सुरू करू नका, आधी रक्ताचं कल्चर. टायफॉईड अर्धवट उपचारानं उलटू शकतो. पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ मध्ये सेफ्ट्रियाक्झोनलाही दाद न देणारा टायफॉईड पसरला. बाहेरच्या पेशंटला द्यायला जवळपास अ‍ॅझिथ्रोमायसिनच उरलं. डब्ल्यूएचओनं या औषधाला "वॉच" गटात टाकलंय. म्हणजे गरजेपुरतं, कारण असेल तरच. आणि सर्दी-खोकल्याला मोनोसेफ (हेच इंजेक्शन) मागणारे माझ्या ओपीडीत रोज दोघेतिघे असतात, त्यांना सोसायटीच्या बाहेरचेच समजा 😄

अजित, बी-६०२: टोमणा पोचला.

डॉ. केतकी, ए-४०१: स्नेहल, डॉक्टरांना आणखी एक विचार: "बाबा जेवतायत, उलटी नाही, ताप नाही. कल्चर बघून उरलेला कोर्स गोळीवर नेता येईल का?" पुष्कळदा नेता येतो. नसेल तर हॉस्पिटलच्या डे-केअरला (अ‍ॅडमिट न होता) रोज तासभर. आणि घरी पातळ संडास सुरू झाली तर ती बंद करायची गोळी आपल्या मनाने देऊ नका, कळवा. हे औषध संपल्यावरही काही आठवड्यांनी जुलाब लागू शकतात, तेव्हा कुणी या इंजेक्शनशी संबंध जोडत नाही. उजवीकडे बरगडीखाली दुखलं तरी सांगा. पित्ताशयात याचा गाळ साठतो कधी कधी. औषध थांबलं की बहुतेक वेळा आपोआप जातो, पण तो सोनोग्राफीत खड्यासारखा दिसतो आणि माणसं ऑपरेशनला घाबरतात.

स्नेहल, बी-३०४: फोन झाला. उद्या सकाळी साडेआठला डे-केअरला बोलावलंय, आधी आयएनआर. सुईही बदलून देणार म्हणाले.

*(रविवार)*

स्नेहल, बी-३०४: अपडेट. आयएनआर ४.१ आला. २ ते ३ मध्ये हवा होता. रक्त कुठूनही आलेलं नाही. डॉक्टरांनी आज रात्रीची एसिट्रॉम थांबवलीये, मंगळवारी पुन्हा तपासणी. इंजेक्शन आज आणि उद्या तिथेच, मग कल्चरप्रमाणे गोळी. कोपराखालची शीर लालसर झाली होती, नवी सुई दुसऱ्या हाताला लावली.

डॉ. केतकी, ए-४०१: छान. घरात कंगव्यापासून चपलेपर्यंत काही अडखळण्यासारखं ठेवू नकोस, पडायला नकोत ते. नवी गोळी कुठली ते कळव, तीही एसिट्रॉमशी जुळते का बघायला हवं.

बापट काकू: त्या दोन बाटल्यांचं काय करू? कचऱ्याच्या डब्यात टाकू का?

देवधर काका, सी-३०१: नको वहिनी, तशाच टाकल्या तर कुणीतरी उचलून वापरायचं. संध्याकाळी माझ्याकडे द्या. हॉस्पिटलच्या बायोमेडिकल कचऱ्यात जातील असं बघतो.

योगेश, सी-५०२: स्नेहल, उद्या गाडी मी काढतो. आठला खाली उभा असेन.

प्रमोद (सेक्रेटरी): उद्या बी विंगची लिफ्ट ८ ते १० सर्व्हिसिंगला आहे. लिफ्टवाल्याला ९ नंतर यायला सांगतो. दुचाक्या मात्र ज्यांच्या आहेत त्यांनी आजच हलवा.