मातृवंदनाचे पैसे कोणत्या खात्यात येतात?

वहिनीचा_दीर: वहिनीला चौथा महिना चालूए, पहिलंच बाळ. आशाताई म्हणतात मातृवंदनाचा (गरोदर बायकांना पैसे देणारी सरकारी योजना) फॉर्म भरा ५००० मिळतात, पण वहिनीचं खातं माहेरचं आहे, आधारवर पण जुनंच आडनाव, चालेल का? की आधी सगळं बदलायचं?

सातारी_मिरची: आडनावाचं टेन्शन नको घेऊ, खातं आधारला सीड म्हणजे जोडलेलं आहे का ते आधी बँकेत विचार, कारण पैसे डीबीटीने म्हणजे सरकारकडून थेट तिथेच पडतात, नवऱ्याच्या खात्यात नाही. ३००० नोंदणी आणि एक तरी तपासणी झाल्यावर, २००० बाळाचा जन्मदाखला आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्या की. दुसरं बाळ मुलगी असेल तर एकदम ६०००. आमच्याकडे पहिला हप्ता आला तेव्हा बाळ रांगत होतं 😂

पारावरचा: पैशाचं होईल तेव्हा होईल, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, तिथे ने आधी. हिमोग्लोबिन, बीपी बघतात. आणि डिलिव्हरी सरकारीत केली तर सिझर, औषधं, रक्त सगळं मोफत, १०२ ची गाडी पण. बाहेरून औषधं आणायला सांगितली तर सरळ विचारायचं का म्हणून.

वहिनीचा_दीर: ९ तारखेचं माहीतच नव्हतं. बँकेत उद्याच जातो.