मुंबई–नागपूर : तिकिटावरचा दीड तास आणि तुमचा खरा वेळ

तिकिटावर दीड तास छापलेला असतो. हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेने सीएसएमटीपासून ८३७, समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळचं आमणे ते नागपूर ७०१. तरी "दीड तासात पोचते" असं सासरी कळवावं का, यावर आमच्या घरात एकमत नाही. घराला कुलूप लावल्यापासून पलीकडची बेल वाजेपर्यंत तुम्ही किती वेळ धरता? नागपूरच्या पुढे जाणाऱ्यांनी तर लिहाच.

बोरीवलीकर
सहा तास. प्रत्यक्ष हवेत सव्वा तासाच्या आसपासच असतो, बाकी सगळं जमिनीवर. मुंबईत बहुतेक वेळा विमान पश्चिमेला, समुद्राकडे उडतं आणि मग वळून पूर्वेला लागतं. म्हणजे नागपूरला जायचं तर आधी उलट दिशेला! हिवाळ्यात जाताना वारा पाठीशी असतो, थोडी मिनिटं वाचतात. येताना तीच मिनिटं मुंबईवर घिरट्या घालण्यात जातात.

तर्री_पोहे
बाप्पा, एवढा हिशोब कायले करून राहिले? दुरांतोत रात्री बसा, सकाळी नागपूर. झोपेतले तास मी धरतच नाही. सोनेगावचं विमानतळ गावाला लागून आहे हे मात्र मान्य, उतरलं की घर. आमचं घोडं अडतं ते मुंबईच्या टोकाला.

गडचिरोलीची_लेक
मुंबई–नागपूर हा माझ्या प्रवासातला सोपा भाग. पुढे गडचिरोली साधारण १७० किलोमीटर. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत एसटीला चार तास सहज लागतात. म्हणजे एक चतुर्थांश अंतराला विमानाच्या दुपटीहून जास्त वेळ. संध्याकाळचं विमान मी घेतच नाही. रात्री मुक्काम करावा लागला की स्वस्त तिकिटाचे पैसे तिथेच फिटतात. सकाळचं पहिलं विमान घ्यायचं, म्हणजे दुपारच्या जेवणाला घरी. आई "विमान किती वाजता?" असं विचारत नाही, "ब्रह्मपुरीहून फोन कर" म्हणते.

मेहकरवाला
विमान आमच्या काय कामाचं? समृद्धी शेजारून जाते, दोन्ही शहरं गाडीनेच. जून २०२५ मध्ये इगतपुरी–आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटाची कटकट गेली. आठ तास म्हणतात ते आमणेपर्यंतचे. पुढे भिवंडी–ठाण्याची गर्दी वेगळी मोजा. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, दर दोन तासांनी उतरून चहा घ्याच.

सोनेगावची
वडील टपाल खात्यात होते. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशी चारही दिशांची विमानं मध्यरात्रीनंतर नागपूरला जमत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत. त्या डकोटा विमानांना मुंबईहून अडीच-तीन तास लागत. मधोमध असण्याचा एवढा उपयोग नागपूरला क्वचितच झाला असेल. सेवा १९७३ ला बंद पडली. वडिलांच्या मते तेव्हाचं टपाल आजच्या प्रवाशापेक्षा लवकर पोचायचं. थैलीला रांगेत उभं राहावं लागत नव्हतं ना!

बोरीवलीकर
@तर्री_पोहे, दुरांतोचं तिकीट दिवाळीत मिळवून दाखवा, मग बोलू.