मॉर्फिनने कॅन्सर परत येतो म्हणून आई इंजेक्शनच घेईना

सातारची_लेक
आईचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन सोमवारी झालं, पोट उघडून. आज तिसरा दिवस. दुखणं थांबवायला मॉर्फिनचं इंजेक्शन देतात, आणि मामाने कुठूनसा फॉरवर्ड पाठवलाय की मॉर्फिनने प्रतिकारशक्ती मरते आणि कॅन्सर परत येतो. तेव्हापासून बाईसाहेब सुईला हात लावू देईनात. सिस्टर विचारतात, "आजी, दहापैकी किती दुखतंय?" ही म्हणते, "दोन." आणि खाटेची कड अशी धरलेली की बोटं पांढरीफटक. खोकला आला की चादरीचं टोक दातात. श्वास ओढायचं ते तीन चेंडूंचं यंत्र दिलंय, त्यातला एकही धड वर जात नाही. मामाच्या म्हणण्यात काही तथ्य आहे का?

बापू_पेन्शनर
औषधं नकोतच. रात्री कपभर हळदीचं दूध द्या.

भूलवाली_ताई
बापू, आतड्याला ताजे टाके आहेत. सर्जन सांगतील तेव्हाच आणि सांगतील तेच पोटात जाऊ दे.

लेकी, मामांचा फॉरवर्ड अगदीच हवेतला नाही, म्हणून तर पटतो. रक्तात 'नॅचरल किलर' पेशी असतात, भटकी कॅन्सरची पेशी गाठून मारणाऱ्या. प्रयोगशाळेत मॉर्फिनने त्या मंदावतात, हे खरं. पण कापाकापी, भीती आणि सोसलेलं दुखणं यांनीही त्या मंदावतात. ताणाने अंगात कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनॅलिन चढतं ना! 1993 चा उंदरांवरचा एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना हटकून सांगते. ऑपरेशन झालेल्या उंदरांच्या फुफ्फुसांत गाठी जास्त रुजल्या, आणि मॉर्फिन दिल्यावर ते रुजणं कमी झालं. फॉरवर्डमध्ये हे उंदीर नसतात.

माणसांचं म्हणशील तर 2006 मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या 129 बायकांचे जुने केसपेपर चाळून असं दिसलं की पाठीतून ब्लॉक (म्हणजे टोचून तेवढा भाग बधिर करणं) दिलेल्यांचा आजार मॉर्फिनवर ठेवलेल्यांपेक्षा कमी उलटला, म्हणजे कमी वेळा परत आला. आम्ही भूलवाले तेव्हा भलतेच हुरळलो होतो. मग 13 रुग्णालयांत 2,100 हून जास्त बायकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून तुलना झाली, एकीकडे ब्लॉक, दुसरीकडे पूर्ण भूल आणि मॉर्फिनच्या जातीची औषधं. 2019 मध्ये निकाल आला: दोन्हीकडे साधारण 10 टक्क्यांचा आजार उलटला. हा अभ्यास स्तनाचा आहे, आतड्याचा नाही, हे मान्य. पण ज्या भीतीने आई दात आवळून पडलीय, तिला आधार देणारं त्यात काही सापडलं नाही.

उलट न खोकल्याने कफ साचून न्यूमोनिया होतो, न चालल्याने पायात गुठळी होते. हे धोके याच आठवड्यातले आहेत. मॉर्फिनची खरी कटकट वेगळीच: मळमळ, गुंगी, आतडी सुस्त होणं, डोस जास्त झाला तर श्वास मंदावतो, म्हणून सिस्टर सारख्या येऊन बघतात. एपिड्युरल (कण्याजवळ बारीक नळीतून बधिर करणारं औषध), पॅरासिटामॉल अशी जोड देऊन डोस कमी ठेवता येतो. उद्या राउंडला हेच विचार.

ठाण्याची_रेखा
ताई, टाटामधला तो इंजेक्शनवाला अभ्यास? मामा उद्या तोही पाठवतील.

भूलवाली_ताई
पाठवू देत! स्तनाच्या ऑपरेशनआधी काही मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, टोचलं होतं. 5 वर्षांनी आजार न उलटता हयात असलेल्या 86.6 टक्के, न टोचलेल्यांत 82.6. 2023 मध्ये छापून आलं. पण ते श्रेय लिग्नोकेनचं आहे. दुखणं सोसा, असं त्यात कुणीही म्हटलेलं नाही.

सातारची_लेक
रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. उंदरांपाशी तिने मला थांबवलं. "त्यांचंसुद्धा ऑपरेशन करतात? आणि त्यांना विचारतं कोण, किती दुखतंय म्हणून?" सकाळी सिस्टर आल्या तेव्हा तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "सात." इंजेक्शन घेतलं. दुपारी दोन चेंडू वर गेले, तिसरा थरथरून खाली बसला. आता मामाला काय कळवू तेवढं सांगा, तो संध्याकाळी नारळपाणी घेऊन येतोय.