मरळ माशासाठी ब्रेड (गळाची विणलेली दोरी) किती पौंडाची घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा. हरिपूरला कृष्णा-वारणा संगमाच्या आसपास सुट्टीच्या दिवशी गळ टाकतो. आजवर गांडूळ आणि कणकेच्या गोळ्यावरच भागलं, आता दोन महिन्यांपासून ल्युअरचा (नकली आमिषाचा) नाद लागलाय. घरचे म्हणतात, मासा कमी आणि खर्चच जास्त!

रॉड 7 फुटी मीडियम हेवी, रील 3000 साइझचं, त्यावर 20 पौंड ताकदीची चार पदरी ब्रेड. गेल्या रविवारी जलपर्णीच्या कडेला रबरी बेडूक फिरवत होतो. मरळने असा काही झपका मारला की हातच हादरला, पण ती थेट पाल्यात घुसली. ओढायला गेलो तर दोरी गाठीपाशीच तुटली. बेडूकही गेला, मासाही.

आता कुणी 30 म्हणतं, कुणी थेट 50. जाड दोरी पाल्यातून ओढून काढेल हे पटतं, पण मग 12 ग्रॅमचा बेडूक लांब जाईल का? आठ पदरी गुळगुळीत असते, लांब जाते, पण दगडाला घासली की लवकर विसविसते म्हणे. आमच्याकडे काठाला दगडच दगड.

की दोष दोरीचा नाहीच, माझ्या गाठीचा? ब्रेड निसरडी, त्यात मी नायलॉनची नेहमीचीच गाठ मारली होती. पालोमार गाठ मारून बघू का? आणि पाल्यात फ्लोरोकार्बन लीडर (ब्रेड आणि आमिषाच्या मधला वेगळ्या दोरीचा तुकडा) लावता, की बेडूक थेट ब्रेडलाच बांधता?

येत्या रविवारच्या आत सांगा राव, ती मरळ अजून तिथंच असणार.