‘पंधरा यार्ड जास्त’ या दाव्यात तंत्रज्ञान किती आणि आकड्यांचा खेळ किती?

मंदगती:
मी हौशी गोल्फर आहे. माझा हँडिकॅप (खेळाच्या दर्जाचा आकडा; जितका मोठा, तितका खेळ कच्चा) 19 असून ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबच्या, स्विंगचा वेग ताशी 88 मैलांच्या आसपास असतो. माझा सगळा संच नऊ वर्षांचा जुना आहे. अलीकडे एका दुकानात मी नवा सात नंबरचा आयर्न (मधल्या अंतरांसाठीचा धातूच्या पात्याचा क्लब) मारून पाहिला, तेव्हा चेंडू माझ्या सात नंबरपेक्षा पंधरा यार्ड पुढे गेला आणि विक्रेत्याने त्याचे सारे श्रेय क्लबफेसच्या (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या) नव्या रचनेला दिले. ड्रायव्हरच्या बाबतीत तर ‘दहा हजार एमओआय’सारखे शब्द कानावर पडतात, ज्यांचा अर्थ मला नीटसा कळलेला नाही. या दाव्यांत तथ्य किती, आणि आपल्याला साजेसा क्लब ओळखायचा कसा?

टीबॉक्स:
मी ड्रायव्हरपुरते लिहितो. यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या नियमांनुसार ड्रायव्हरच्या डोक्याचे आकारमान 460 घन सेंटिमीटरपुरते मर्यादित आहे. क्लबफेस किती ‘उसळी’ देऊ शकतो हे चेंडू फेसला किती वेळ चिकटतो यासारख्या मोजमापावरून ठरते आणि त्याची मर्यादा 239 मायक्रोसेकंद, अधिक 18 ची सूट, एवढी आहे. तुमचा ड्रायव्हर घडला तेव्हाही हेच नियम लागू होते, आणि बहुतेक उत्पादक तेव्हाच या मर्यादेला जाऊन भिडलेले होते. त्यामुळे फटका बरोबर मध्यावर बसला, तर निव्वळ फेसच्या जोरावर नवा ड्रायव्हर फारसे काही वाढवून देऊ शकत नाही.

फरक पडतो तो मध्य चुकल्यावर. एमओआय म्हणजे जडत्व-आघूर्ण. ते जितके जास्त, तितके टोकाला (शाफ्टपासून, म्हणजे दांड्यापासून, दूरच्या कडेला) किंवा टाचेला (दांड्याजवळच्या कडेला) चेंडू लागल्यावर डोके कमी वळते आणि चेंडूचा वेग कमी घटतो. गंमत अशी की नियमांनी उभ्या अक्षाभोवतीच्या आघूर्णावर 5,900 ची मर्यादा (100 ची सूट वेगळी) घातलेली आहे, आणि जाहिरातीतला दहा हजारांचा आकडा दोन अक्षांच्या आकड्यांची बेरीज करून येतो. आकडा खोटा नाही, पण तो नियमातल्या आकड्याशेजारी ठेवून वाचू नये. शिवाय त्यासाठी वजन मागे न्यावे लागते आणि त्याने बहुधा स्पिन (चेंडूची गिरकी) वाढतो. वजन पुढे आणले तर स्पिन घटतो, पण चुकीला माफी कमी मिळते. दोन्ही गुण पुरेपूर एकाच डोक्यात असल्याचे कोणी सांगितले, तर मी दोनदा विचार करेन.

वेज आणि वाळू:
आयर्नचे कोडे याहून सोपे आहे. दोन्ही क्लबच्या तळावरचा नंबर विसरा आणि लॉफ्ट, म्हणजे क्लबफेसचा मागे झुकलेला कोन, विचारा. पूर्वी सात नंबरला साधारण 34-35 अंशांचा लॉफ्ट असे. आज लांब अंतरासाठी बनवलेल्या संचांत तो 30 किंवा त्याहूनही कमी आढळतो, आणि शाफ्टही कधी अर्धा इंच लांब असतो. म्हणजे तुम्ही नवा सात नंबर जुन्या सहाच्या जागी मारत होता.

ही निव्वळ फसवणूक आहे असेही नाही, कारण गुरुत्वमध्य खाली नेल्यामुळे कमी लॉफ्ट असूनही चेंडू उंच चढतो. मात्र स्पिन कमी राहिला, तर चेंडू ग्रीनवर (भोकाभोवतीच्या आखूड गवतावर) थांबतो का, हे पाहावेच लागते. चेंडूचे उड्डाण मोजणाऱ्या मॉनिटरवर अंतराखेरीज चेंडू खाली उतरण्याचा कोनही बघा. दुसरी अडचण कमी अंतराच्या, जास्त लॉफ्टच्या क्लबांत, म्हणजे वेजमध्ये, उद्भवते: अशा संचातला पिचिंग वेज 43 अंशांचा आणि तुमचा सँड वेज 56 चा असेल, तर मध्ये तेरा अंशांची दरी पडते. ती बुजवायला आणखी वेज घ्यावा लागतो, आणि नियमाने पिशवीत चौदाच क्लब चालतात!

अर्धाइंच:
मी एकदा ‘स्टिफ’ (‘एस’, कडक) शाफ्ट घेतला, केवळ ‘रेग्युलर’ (‘आर’, त्याहून लवचीक) हा शब्द मनाला झोंबला म्हणून. नंतर समजले की या अक्षरांना सर्वांना बंधनकारक असा कोणताही मापदंडच नाही. एका उत्पादकाचा ‘एस’ दुसऱ्याच्या ‘आर’इतका लवचीक असू शकतो.

चाचणी घेताना आपला जुना क्लब सोबत न्यावा, एकाच प्रकारचे चेंडू वापरावेत आणि जुना क्लब सुरुवातीला व शेवटी असा दोनदा मारावा, नाहीतर अंग मोकळे झाल्याचा फायदा नव्याच्या खात्यात जमा होतो. चुकलेले फटके पडद्यावरून पुसू देऊ नयेत. ते कुठे जातात हेच तर तपासायचे असते. फेसवर पायाला मारायच्या पावडरचा हलका फवारा मारला, की चेंडू नेमका कुठे लागतो ते दिसते. ठसे टाचेपासून टोकापर्यंत विखुरलेले असतील, तर ड्रायव्हर हातात थोडा खाली धरून पाहा. तेवढ्यानेच ठसे एकत्र आले, तर लांबी कमी करणे नव्या डोक्यापेक्षा उपयोगी पडेल. फक्त अर्धा इंच कापला, की स्विंगवेट (फिरवताना डोके किती जड भासते याचे माप) सुमारे तीन अंकांनी उतरते, हे लक्षात असू द्या.

मंदगती:
सर्वांचे आभार. उत्पादकांनी दिलेले आकडे पाहिले: माझा सात नंबर 34 अंशांचा, दुकानातला 29 चा. फवाऱ्याचा प्रयोगही केला; ड्रायव्हरचे बहुतेक ठसे टाचेकडे आहेत. क्लब इंचभर खाली धरल्यावर ते मध्याकडे सरकले. आयर्नची खरेदी तूर्त थांबवली आहे.

अर्धाइंच:
कापण्याआधी काही फेऱ्या तसेच खाली धरून खेळा. कापलेला शाफ्ट पुन्हा वाढवणे जिकिरीचे असते.