मदत हवी आहे : विलगीकरणातल्या ज्येष्ठांचा डबा (इंदूर)

मंडळी, राजेंद्र नगर भागात कोविडमुळे घरातच वेगळं राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी डबा ठरवतोय. 60 किलो वजनाला दिवसाला साधारण 60 ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. नुसत्या वरण-भातात ती बसत नाहीत, कारण 30 ग्रॅम कच्च्या मूगडाळीतून जेमतेम 7 ग्रॅम मिळतात. म्हणून घट्ट डाळ, 100 ग्रॅम पनीर (सुमारे 18 ग्रॅम), दही आणि फुटाणे. मोड आलेले मूग वाफवूनच द्यायचे, कच्च्या मोडांत जंतू भराभर वाढतात. पोह्यांवर लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळायचं, उष्णतेने क जीवनसत्त्व जातं.

खरी पंचाईत काढ्याची. आयुष मंत्रालयाच्या 2020 च्या सूचनेत तो दिवसातून एक-दोनदाच आहे. लोक मात्र सुंठ-मिरी घालून चार-चार पेले ढोसतात, पोटात आग पडते आणि जेवणच सुटतं!

आता विचारायचंय ते असं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना हाच डबा चालणार नाही. त्यांच्यासाठी प्रथिनं, पोटॅशियम तपासून देणारे कोणी आहारतज्ज्ञ ग्रुपवर आहेत का? तोंडाची चव गेलेल्यांना काय पाठवावं? आणि रोज 3 किलो ताजं पनीर सकाळी सातच्या आत कुठे मिळेल?