मदत हवी आहे : दिवाळीसाठी गेमिंग कन्सोलचे किती नग मागवावेत?

बर्डीचे_दुकान (२५ ऑगस्ट २०२५)
नमस्कार. नागपुरात सीताबर्डीला आमचे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे दुकान आहे. वितरकाने शुक्रवारपर्यंत दिवाळीची मागणी नोंदवायला सांगितली असून नेमके किती नग सांगावेत, हे मला ठरवता येत नाही. गेल्या ऑक्टोबरात २२ नग विकले गेले. बाबा म्हणतात २५ सांग, धाकटा भाऊ ४० वर अडून बसला आहे. अंदाज बांधण्याचे एखादे सूत्र असल्यास कृपया तेवढेच सांगावे. गणपती परवावर आले आहेत आणि मला वेळ नाही.

धरमपेठी
आपण कोणता कन्सोल विकता, हेच लिहिलेले नाही. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो यांचे गिऱ्हाईक वेगळे आणि माल येण्याची वाटही वेगळी असते. निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नाही, त्यामुळे जूनमध्ये बाहेर निघालेला त्यांचा स्विच २ हा कन्सोल विकत असाल, तर पुरवठ्याचा अंदाज हा बाहेरून माल आणणाऱ्या माणसाच्या मर्जीचा अंदाज ठरतो. एका नगामागे किती सुटतात आणि उरलेला माल परत घेतला जातो का, हेही कळवावे.

बर्डीचे_दुकान
प्लेस्टेशन ५, खेळांची डिस्क घालता येते तोच. हे सांगायला हवे असे मला वाटले नव्हते. खर्च वजा जाता नगामागे साधारण २,००० रुपये सुटतात. गेल्या वर्षी २७ ऑक्टोबरलाच माल संपला होता.

नफातोटा
शेवटचे वाक्य आपण पहिल्याच संदेशात लिहायला हवे होते. गेल्या वर्षी धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते. म्हणजे गर्दीचे खरे दिवस सुरू होण्याआधीच आपले कपाट रिकामे झाले होते. २२ हा आपल्याकडे असलेल्या मालाचा आकडा आहे. मागणी त्याहून किती जास्त होती, ते त्यातून कळत नाही. शेवटच्या आठवड्यात रोज किती नग जात होते आणि माल संपल्यावर किती जण विचारून परतले, हे वहीत असेल तर पाहावे. यंदा लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आहे. दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंतचा सगळा काळ ऑक्टोबरातच येतो, म्हणून ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना करू नये. लक्ष्मीपूजनाआधीचे २० दिवस दोन्ही वर्षांचे काढून ते समोरासमोर मांडावेत.

वाडीचे_गोदाम
एवढ्या गणिताची गरज नाही. चाळीस लागत असतील तर ऐंशी सांगावेत, निम्मे मिळतात. जानेवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ ची आगाऊ नोंदणी सुरू झाली, तेव्हा मी वीस मागितले होते आणि हाती तीन आले. वितरकाकडे जो जास्त मागतो, त्यालाच थोडेफार मिळते, हा माझा अनुभव आहे.

नफातोटा
आपला अनुभव खरा आहे, पण तो त्या वर्षाचा आहे. तेव्हा चिपांचा तुटवडा होता. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० मध्ये जगभर ४५ लाख प्लेस्टेशन ५ बाजारात गेले आणि पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत, मागणी वाढलेली असूनही, ३९ लाखच गेले. २०२४ च्या त्याच तिमाहीत हा आकडा ९५ लाख होता. तुटवड्याच्या दिवसांत सगळेच दुकानदार दुप्पट मागतात, वितरक तीच फुगलेली मागणी वर कळवतो आणि पुरवठा मोकळा झाला की ऐंशीच्या ऐंशी पेट्या एका सकाळी दारात उतरतात. शिवाय हे आकडे कंपनीने व्यापाऱ्यांकडे पाठवलेल्या मालाचे आहेत, घरोघरी पोहोचलेल्या मालाचे नव्हेत.

जुना_खेळाडू
२००६ च्या अखेरीस अमेरिकेत आलेला निन्टेन्डोचा वी (Wii) हा कन्सोल पुढच्या वर्षीच्या नाताळातही दुकानांत सहज मिळत नव्हता. स्वतः बनवणाऱ्यांनाही अंदाज येत नाही. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने २०२३-२४ साठी अडीच कोटी नगांचे लक्ष्य ठेवले होते आणि प्रत्यक्षात सुमारे २ कोटी ८ लाख गेले. तिथे बर्डीच्या दुकानाची काय कथा? माझे मत विचाराल, तर मुलांना कन्सोलऐवजी चांगला संगणक घेऊन द्यावा. तो अभ्यासालाही उपयोगी पडतो.

धरमपेठी
मुलांसाठी काय घ्यावे, हे येथे कोणीही विचारलेले नाही.

कोळसापट्टा_चंद्रपूर
आपल्याकडे बाहेरगावचे गिऱ्हाईक किती येते, हे पाहिले आहे का? आमच्याकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीची मोठी खरेदी नागपूरलाच करतात. कोल इंडियाच्या कामगारांना गेल्या वर्षी ९३,७५० रुपये बोनस मिळाला आणि तो दसऱ्याच्या आधी हातात येतो. रेल्वेचा बोनसही त्याच सुमारास होतो. यंदा दसरा २ ऑक्टोबरला आहे, म्हणून माल सप्टेंबरच्या शेवटी दुकानात हवा. एकूण नगांइतकेच ते कोणत्या आठवड्यात येतात, यालाही महत्त्व आहे.

इतवारीकर
सध्या काहीच मागवू नये. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली आहे. दर उतरले की जुन्या दराने घेतलेला माल गळ्यात पडेल.

नफातोटा
कन्सोलवरचा कर १ जानेवारी २०१९ पासूनच २८ वरून १८ टक्क्यांवर आलेला आहे, त्यामुळे ती भीती कन्सोलपुरती फारशी खरी नाही. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवर मात्र आज, ऑगस्ट २०२५ मध्ये, २८ टक्के कर आहे. टीव्ही आणि कन्सोल जोडीने घेऊ पाहणारा माणूस निर्णय होईपर्यंत थांबेल, त्यामुळे सप्टेंबरची विक्री मंद दिसली तरी तिच्यावरून ऑक्टोबरचा अंदाज बांधू नये.

आता सूत्राकडे वळतो. एक नग कमी पडला तर २,००० रुपये बुडतात. एक नग उरला तर व्याज आणि पुढे कंपनीने सवलत जाहीर केल्यास पडणारा फरक धरून ३,००० रुपये जातात, असे समजू. २,००० भागिले दोन्हींची बेरीज ५,००० म्हणजे ०.४. याचा अर्थ, मागणी ज्या आकड्याच्या आत राहण्याची शक्यता ४० टक्के वाटते, तेवढेच नग मागवावेत. म्हणजे आपल्या मधल्या अंदाजाच्या (मागणी ज्याच्या वर किंवा खाली जाण्याची शक्यता सारखीच वाटते, त्या आकड्याच्या) थोडे खालीच थांबावे. नफा तुटपुंजा असलेल्या वस्तूत भरपूर साठा करणे परवडत नाही.

वाडीचे_गोदाम
कन्सोल म्हणजे शिळा होणारा पेढा नव्हे. उरला तर नाताळात जाईल. शिवाय कन्सोल घेणारा रिकाम्या हाताने जात नाही. दुसरा कंट्रोलर आणि एखादी डिस्क घेतोच. तो नफा कोण मोजणार?

नफातोटा
हा आक्षेप रास्त आहे आणि तो माझ्या मांडणीतून सुटला होता. कंट्रोलर आणि डिस्क मिळून सरासरी २,५०० रुपये आणखी सुटत असतील, तर ४,५०० भागिले ७,५०० म्हणजे ०.६ येतात आणि मधल्या अंदाजाच्या थोडे वर जावे लागते. मात्र बिलबुके चाळून खरी सरासरी काढावी. सगळेच गिऱ्हाईक जोडवस्तू घेत नाहीत.

बर्डीचे_दुकान (२७ ऑगस्ट)
काल रात्री बिले काढून बसलो. माल संपण्याआधीच्या सहा दिवसांत ११ नग गेले होते. चौकशांची वही नाही, पण दुकानाच्या फोनवर त्यानंतर विचारणाऱ्यांचे १९ संदेश सापडले. त्यांपैकी निम्म्यांनी तरी आणखी चार दुकानांत विचारले असेल, म्हणून मी ९ धरले. गेल्या वर्षीचे २२ मिळवून मधला अंदाज ३१ येतो. जोडवस्तूंचा नफा सरासरी १,४०० रुपयेच निघाला, म्हणजे ३,४०० भागिले ६,४००, साधारण ०.५३. मी ३२ सांगतो आहे. २० दसऱ्याआधी आणि १२ नंतर. भावाला ते पटलेले नाही.

धरमपेठी
उरलेला माल परत घेतला जातो का, हे मी पहिल्याच दिवशी विचारले होते. तो ३,००० चा आकडा त्यावरच अवलंबून आहे.

बर्डीचे_दुकान
वितरकाला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "गणपतीनंतर बोलू" असे उत्तर मिळाले. मागणी मात्र त्यांना शुक्रवारीच हवी आहे.